शब्दांचे नातेवाईक

"ज्याचं तोंड थांबत नाही असा," सासूबाईंनी पुठ्ठ्यामागचा अर्थ वाचला.

"गॅरुलस," सून म्हणाली.

"म्हणजे तुझी मोठी नणंद."

"आई, नुसता अर्थ वाचा हो!"

बारा तास वॉर्डात उभी राहून नर्स सून नुकतीच घरी आली होती. परवा परीक्षा. तिसरी आणि शेवटची खेप. या वेळी इंग्रजी सुटलं तर परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी पक्की, आणि नवरा-लेकीसह महिन्याभरात विमान. "मी कुठे येऊ या वयात? तुम्ही तिघं खुशाल जा," असं सासूबाईंनीच सांगून टाकलं होतं.

औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सुनेने तीनशे शब्द लिहिले होते, पुढे इंग्रजी, मागे मराठी. इंग्रजीशी उभा दावा असलेल्या सासूबाई आपणहून परीक्षक झाल्या. उत्तर बरोबर की चूक, हे त्या सुनेच्या चेहऱ्यावरून ठरवत.

"अतिशय चिकट."

"पार्सिमोनिअस."

"तुझे चुलतसासरे. पाहुणा दारात दिसला की यांचं दूध नासतं."

"आई!"

"बरं बाई. आजचं काम उद्यावर ढकलणं."

"प्रो... प्रोक्रॅस्टिनेट."

"अडखळलीस. चूक! हा माझा लेक. दोन वर्षं झाली, मोरीतला नळ गळतोय."

सुनेचं डोकं सणकलं. "परीक्षेत शब्द विचारतात हो, आपलं खानदान नाही! असं चऱ्हाट लावलंत तर काय डोंबल लक्षात राहणार माझ्या?"

सासूबाईंनी मुकाट्याने पुढचा पुठ्ठा उचलला. वाचायला जरा वेळ लावला.

"मनात नसताना हो म्हणणारा."

सुनेला आठवेना. "थांबा, सांगू नका," ती म्हणाली, जशा काही त्या सांगू शकणार होत्या. तिने डोळे गच्च मिटले. नणंद आठवली, चुलतसासरे आठवले, नळासकट नवरा आठवला. शब्द काही येईना. सासूबाईही या खेपेला गप्पच.

"आता का गप्प?" ती वैतागून म्हणाली. "याला कुणी नाही का आपल्यात?"

"आहे की," सासूबाई म्हणाल्या. "पास झालीस की सांगते."