खालचा मजला

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं निवृत्त ग्रंथपाल विचारणाऱ्याला सांगत. खरं तर ते दर रविवारी उत्तर लिहायला बसत आणि कागद फाडून उठत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकिणीच्या त्या पत्रात तीनच वाक्यं होती. ‘दोन खोल्यांचा खालचा मजला विकायचा आहे. बाजारभावापेक्षा कमी घेईन. पण माझ्या पायाखाली भाडेकरू कसा ठेवाल, तेवढं आधी कळवा.’

‘सज्जन ठेवीन,’ असं लिहावं, तर सज्जन म्हणजे नेमका कोण? ‘शांत’ लिहावं, तर त्याच्या घरी तान्हं मूल आलं म्हणजे?

शेवटी ते पत्र आक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, हाती लागलं. तिने कपाळावर हात मारला आणि भावाला दंडाला धरून त्या गल्लीत आणलं. आक्काची तीन घरं भाड्याने दिलेली होती आणि तिन्ही तिने मातीमोल भावात घेतली होती.

“वास मारतं ते घर घ्यावं,” ती वाटेत बजावत होती. “वास फिनेलने जातो. आणि आत गेल्यावर नाक उघडं, तोंड बंद. काही आवडलंच, तर खोक. संध्याकाळी दलाल यायचाय मालकिणीकडे. आज घर गेलं, तर बस आयुष्यभर कागद फाडत.”

ग्रंथपालांनी मान डोलावली. पेन्शन महिन्याच्या टोकाला पोचत नव्हती, आणि भाड्याने द्यायला घर घ्यावं, तर साठवलेला पैसा जेमतेम एका घराचा होता. तेही असंच स्वस्तात मिळालं तर.

दार उघडलं ते घराच्या मालकिणीनेच. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणे.

आक्का लगेच कामाला लागली. भिंतीवर टकटक करून म्हणाली, “ओल आहे.” नळ सोडला, तो आधी खाकरला आणि मग तांबडं पाणी ओकला. “पाइप गेलेत.”

“मोरीचं दारही लागत नाही,” सिस्टरबाई म्हणाल्या. “आणि पावसात मागच्या भिंतीला बुरशी धरते. ते पत्रात लिहायचं राहिलं.”

आक्काने नळ बंद केला. विकणाराच आपल्या घराचे वाभाडे काढू लागला, तर घासाघीस करायची कोणाशी?

तेवढ्यात आतल्या खोलीतून ग्रंथपालांचा आवाज आला, “आक्का, अगं इथे भिंतभर फडताळं आहेत! शब्दकोशसुद्धा उभे राहतील!” ते वितीने फळीची खोली मोजत होते. खिडकीतलं ऊन थेट त्यांच्या हातावर आलं होतं.

“खोक म्हटलं होतं मी,” आक्का पुटपुटली.

“भाडेकरूला शब्दकोश लागतात का?” सिस्टरबाईंनी विचारलं.

ग्रंथपालांचे कान लाल झाले. “म्हणजे... एखादा वाचणारा असला तर.”

“पत्राचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही.”

“सापडत नव्हतं.”

“ग्रंथपाल ना तुम्ही? लोकांना बरं सगळं शोधून दिलंत.” सिस्टरबाई हसल्या. “अहो, मागचा भाडेकरू या खोलीत मोटरसायकली दुरुस्त करायचा. माझा जन्म रात्रपाळ्यांत गेला. आता मला दुपारची झोप हवी आहे, एवढंच. दलाल पैसे जास्त देतोय, पण म्हणतो, मिळेल त्याला ठेवू.”

ग्रंथपाल फळीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “आक्का, माझ्या राहत्या घराला भाडं किती येईल गं?”

“तुझ्या? भर बाजारात आहे ते. याच्या दुप्पट...” आक्का बोलता बोलता थांबली. तिने भावाकडे पाहिलं, फडताळांकडे पाहिलं. “इश्श! मी इतकी घरं घेतली, मला कसं नाही हे सुचलं?”

“काय सुचलं?” सिस्टरबाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी तोंड उघडलं, मिटलं. “कळवतो,” एवढंच म्हणाले.

“पत्रानेच कळवा. तोंडाने नाही जमायचं तुम्हाला. तोवर दलालाला मी थोपवते.”

गल्लीच्या तोंडाशी वह्या-पेनांचं दुकान होतं. ग्रंथपालांनी तिथेच पाकीट घेतलं, तिकीट घेतलं आणि गल्ल्याशेजारी उभ्या उभ्या लिहायला लागले. या खेपेला कागद फाटला नाही.

“काय लिहिलंस?”

“भाडेकरू मीच असेन. वाचतो, घोरत नाही.”

“घोरतोस!”

“सिस्टरबाई दुपारी झोपणार. मी रात्री घोरतो.” असं म्हणून त्यांनी पाकीट चिकटवलं आणि दुकानासमोरच्या टपालपेटीत टाकून दिलं.

“अरे वेड्या, घर हे समोर दिसतंय! हातात द्यायचंस की!” आक्का हसून लोटपोट झाली. पत्र आता गावभर फिरून पुन्हा याच गल्लीत येणार होतं. डोळे पुसता पुसता तिला एकदम आठवलं. “बरं, किंमत किती टाकलीस?”

ग्रंथपालांनी पेटीच्या फटीत दोन बोटं घालून पाहिली.