निवण्याआधी

"दादा, सांगाडा निवू दे की. बिडाचा आहे, तडकेल," मी म्हणालो.

आधीच्या चितेची राख नुकतीच काढली होती. स्मशानातला चिता रचायचा तो ओतीव लोखंडी सांगाडा अजून तापून लाल होता. शेजारी तिरडीवर आमचे वडील, नाना. पण दादाला संध्याकाळची पुण्याची गाडी गाठायची होती. त्यानं गार पाण्याची अख्खी बादली त्यावर ओतली. वाफेच्या लोटात काहीतरी कडकन वाजलं. कुणी वाकून पाहिलं नाही. मीही नाही.

लाकडं रचली, दादानं अग्नी दिला. चिता ऐन भरात असताना सांगाड्याची एक बाजू मोडली आणि अर्धवट जळालेले नाना घरंगळत आमच्या पायांशी आले.

माणसं मागं पळाली. दादा तोंड झाकून उभा राहिला.

मी चिता सारायचा बांबू उचलला.

"जा तू," म्हणालो. "गाडी चुकेल."