नेहमीचं माप

माप घेऊन कपडे शिवून देणाऱ्या कपाटात शिरून वृंदाने डोळे मिटून घेतले. छातीतले इम्प्लांट काढल्यापासून जुनी सगळी ब्लाउजं ढगळ होत होती आणि भाचीचं लग्न तर तोंडावर आलेलं. घरातल्या प्रत्येकाला हे कपाट अंगाच्या ठेवणीवरून ओळखायचं. त्याचा उजेड तिच्या अंगावरून फिरला आणि ते म्हणालं, "या मंदाताई! फार दिवसांनी आलात."

बाहेर उभी असलेली तिची लेक ईरा वैतागली. "आई, हे तुला आजी समजतंय! आजीला जाऊन किती वर्षं झाली. पुसून टाकू का तिचं माप?"

वृंदाने डोळे उघडले. समोरच्या काचेत खाली उतरलेली, सैल, जराशी सुरकुतलेली छाती होती. दवाखान्यातून घरी आल्यापासून वृंदा त्या छातीकडे बघायचंच टाळत होती. इम्प्लांट बसवून घेतले, तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "माझ्यासारखं दिसायला नको वाटतं का गं तुला?"

"राहू दे," ती लेकीला म्हणाली.

कपाटाने विचारलं, "बाह्या नेहमीसारख्या कोपरापर्यंत ना?"

"हो," वृंदा म्हणाली, "नेहमीसारख्याच."