डोणीतलं उरलेलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ गाठला होता, तरी बैल पिऊन झाले की दगडी डोणीत उरलेलं पाणी मनकर्णा माळावरच्या हरणांसाठी ठेवायची. सासूनं तसंच शिकवलं होतं. बुळकांडीच्या साथीत दोन्ही बैल गेले, पण डोण भरायचा नेम तिनं मोडला नाही. कर्जतहून गुरांचे डॉक्टर, साथ हरणांत शिरली का, ते बघायला आले. मेलेल्या काळविटाचा जबडा उघडून त्यांनी आतले व्रण पाहिले. “हरणं पाणी कुठं पितात?” मनकर्णानं डोण दाखवली. “बैलं बी हितंच पेत हुती,” ती म्हणाली. “आता हरणांना इथं फिरकू देऊ नका, बाई.” तिनं डोण कोरडी केली. दिवस कलताना कळप आला. तिनं दगड भिरकावला. एकही पळालं नाही. तिला बघून हरणं जवळ सरकली. मनकर्णानं दुसरा दगड उचलला.