बारा लेकरांची आई

समाजातल्या तरुण सुना एका मुलावरच थांबू लागल्या, म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी यंदा आपल्याच आईचा सत्कार ठेवला. बारा बाळंतपणं सोसलेली म्हातारी मंचावर चाकाच्या खुर्चीत बसली होती. खुर्चीची मूठ धरून मागे उभी होती तिची थोरली लेक, सत्तरीची, बिनलग्नाची.

"त्या काळी पोरं आपोआप वाढायची हो!" अध्यक्ष माइकवर रंगात आले होते. "एक मांडीवर, एक पाठीवर, एक पाळण्यात. आमच्या आईने कधी हूं की चूं केलं नाही. आणि या आजकालच्या! एकातच दमतात."

"मांडी कुणाची होती रे?" म्हातारी खुर्चीतूनच म्हणाली. "नऊ वर्षांची असताना शाळेतून काढली हिला, तुम्हा भावंडांसाठी. तुझं ढुंगणसुद्धा हिनंच धुतलंय, अध्यक्षसाहेब."

पुढच्या रांगेत हशा पिकला. अध्यक्षही हसले, रुमालाने मान पुसली, आणि फोटोवाला पुढे येताच बहिणीला कोपराने सारत म्हणाले, "ताई, जरा बाजूला हो गं. फोटो फक्त सत्कारमूर्तीचा आहे." ती झाली बाजूला, जन्माच्या सवयीने. फोटो निघताच टाळ्या कडाडल्या.

अध्यक्षांनी माइक आईच्या तोंडाशी धरला. "आई, सांग या पोरींना. किती मुलं होऊ द्यावीत?"

म्हातारीने बाजूला झालेल्या लेकीकडे पाहिलं.



"पहिली मुलगी झाली, तर हवी तेवढी."