रेषेलगतची रांग

मैदानाच्या रेषेला खेटून विद्यापीठाने प्रेक्षकांना बसायला महागड्या खुर्च्यांची तिकिटे विकायला काढली, तेव्हापासून विद्यापीठाच्या संघातला कीनन त्या बाजूला धावताना बिचकत असे. मागच्या बास्केटबॉल सामन्यात चेंडूमागे झेपावताना तो तिथल्या एका आजींवर आदळला होता. त्यांचे मनगट मोडल्याचा आवाज अजून त्याच्या कानांतून जात नव्हता. आज एका गुणाने मागे असताना शेवटच्या क्षणी चेंडू त्याच खुर्च्यांकडे उसळला. तिथे एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. कीनन धावला. झेप घेणार तोच त्याचे पाय थिजले. चेंडू रेषेबाहेर गेला, सामनाही गेला. “घाबरलास होय रे?” कोच कडाडले. “त्या खुर्च्यांच्या पैशावरच आपला संघ चालतो!” “हो सर, घाबरलो,” तो पुटपुटला. ती बाई अजूनही डोळे घट्ट मिटून बाळावर ओणवी झाली होती. कीनन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि हळूच म्हणाला, “ताई, मी थांबलो.”