लायलचे शंभर टक्के

"शाब्बास, लायल," ग्लेंडा सवयीने म्हणाली, आणि मग तिची नजर त्याच्या फॉर्ममधल्या उत्पन्नाच्या रकान्यावर गेली. तिथे शून्य होतं. टायरच्या गोदामातली त्याची नोकरी जाऊन सात महिने झाले होते. हप्ता मात्र एकही चुकला नव्हता.

दारूच्या नशेत लायलने ओपल विकम नावाच्या म्हातारीच्या ओसरीत ट्रक घातला होता. दरमहा पंचेचाळीस डॉलर भरपाई भरायची, या अटीवर न्यायाधीशांनी त्याला तुरुंगाबाहेर ठेवलं, न्यायालयाची अधिकारी असलेल्या ग्लेंडाच्या देखरेखीखाली. हप्ते थकले की आत. शुक्रवारी राज्याकडे अहवाल जायचा होता : कोणाकडून किती टक्के वसुली. ग्लेंडाच्या हाताखालच्या बाकीच्यांची गाडी अडतीस टक्क्यांवर अडकली होती. लायल एकटा शंभर. साहेबांनी त्याचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर घालायला सांगितलं होतं.

"पैसे आणतोस कुठून?" तिने विचारलं. काही उचलेगिरी तर नाही ना, अशी शंकेची पाल तिच्या मनात चुकचुकली.

लायल बघतच राहिला. "मी? बाई, मी सात महिन्यांत एक दमडी भरलेली नाही. दर महिन्याला दाढी करून, कपड्यांची पिशवी घेऊन येतो. वाटतं, आज आत जाणार. तर तुम्ही म्हणता, शाब्बास. मला वाटायचं, टोमणा मारताय."

त्याच्या पायाशी खरंच पिशवी होती.

तो गेल्यावर ग्लेंडाने गेल्या सात महिन्यांत टपालाने आलेल्या मनीऑर्डरींच्या स्थळप्रती टेबलावर मांडल्या. सगळ्यांवर लायलचं नाव, पण अक्षर जुन्या शाळेतलं, वळणदार, जांभळ्या शाईतलं. हे अक्षर कुठे पाहिलंय, ते आठवेना. तिने फाइल पहिल्या पानापासून चाळली. तिसऱ्याच पानावर तीच जांभळी शाई निघाली. ती ओपल विकमची तक्रार होती.

ग्लेंडाने कागद उलटासुलटा करून पाहिला. ज्या बाईला भरपाई मिळायची, तीच ती भरत होती?

ग्लेंडा ओपलच्या घरी पोचली, तेव्हा ती स्वयंपाकघरात मक्याची पावरोटी ओव्हनमधून काढत होती. मागे अर्धी बांधलेली नवी ओसरी दिसत होती. "रविवारी येतो लायल, फळ्या घेऊन," ती म्हणाली. "त्याला काही सांगू नकोस हं पोरी, लाजेने येणंच बंद करेल."

"पण आजी, तुम्ही भरता कशाला?"

"नोकरी गेल्याचं त्यानेच सांगितलं, आणि तुमच्याच पत्रात होतं, हप्ते चुकले तर आत जाईल. तो आत गेला तर माझ्या ओसरीवर छप्पर कोण घालणार, तू? तुमचा चेक येतो, मी तो वटवते नि तुम्हालाच परत पाठवते. मलाही आधी नीट उमगलं नव्हतं. पण चालतंय की!"

"पण आम्ही तर चाळीसचा चेक पाठवतो."

"हो ना. वरचे पाच माझ्या पेन्शनमधून. ते तुमचा वसुलीखर्च म्हणून कापून घेता ना दर वेळी."

ग्लेंडा खुर्चीत बसली. मग तिने पिशवीतून एक कोरा कागद काढला. "यावर लिहा, तो ओसरी बांधतोय आणि तुम्हाला तीच भरपाई म्हणून चालेल. न्यायाधीश ऐकतात अशा वेळी. मी स्वतः जाऊन सांगेन, आमच्या अहवालात त्याची वसुली शंभर टक्के लागली असली तरी."

"आणि तुमचे ते शंभर टक्के?"

"शून्य होतील."

ओपलने जांभळ्या शाईत चार ओळी लिहून सही केली. ग्लेंडाने बोटांवर सात महिने मोजले, पर्स उघडली आणि पस्तीस डॉलर पावरोटीच्या ताटलीशेजारी ठेवले.

"हे गं कसले?" ओपलने विचारलं.

"भरपाई," ग्लेंडा म्हणाली. "आमच्याकडची."